व्हर्नाचं पडणं

व्हर्ना हॅस्किन्सची नोकरी उभं राहण्याची होती. लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत टीव्हीवरची सगळ्या देशाची लाडकी विनोदी मालिका चित्रित होई. तिची नायिका डॉटी मॅलरी हिच्या जागी व्हर्ना दिवसभर उभी राही, म्हणजे दिवेवाल्यांना दिव्यांची जुळवाजुळव करता येई. डॉटी कुठे घसरणार, कशावर आपटणार, तेही आधी व्हर्नाच पडून दाखवी. संध्याकाळी बाकांवर प्रेक्षक येऊन बसले की तिने सेटमागे जायचं. मग तेच पडणं डॉटी पडे आणि लोक पोट धरधरून हसत. पाठ शेकायची एकीची आणि टाळ्या दुसरीला, पण व्हर्नाला त्याचं काही नव्हतं. तिचा जीव अडकला होता तो आईच्या हसण्यात.

आई बेकर्सफील्डला राही. जन्म फळांच्या पेट्या भरण्यात गेलेला, आणि नवरा गेल्यापासून तर हसणंच विसरलेली. व्हर्नाने नकला केल्या, गमती सांगितल्या. आई नुसती बघत राही. पण सोमवारी टीव्हीवर डॉटी धडपडली की हीच बाई एप्रन तोंडाला लावून खुदुखुदु हसे. वर लेकीला ऐकवी, "दिवसभर नुसतं उभं राहायचा पगार देतात तुला? त्या बाईकडून काहीतरी शिक की." ते हसू एकदा तरी आपल्यामुळे फुटावं, एवढंच व्हर्नाला हवं होतं.

एका शुक्रवारी तालमीत डॉटीचा पाय मुरगळला. प्रसंग बेकरीतला होता. डोक्याला रुमाल, हातात पावांची चळत, अशी ती दारातून पाठमोरी आत येते आणि थेट फुगलेल्या कणकेच्या परातीत बसते. चेहरा दिसायचा नव्हताच. दिग्दर्शकाने व्हर्नाला बाजूला घेतलं. म्हणाला, एवढं तू कर, कणकेने माखलेला चेहरा नंतर डॉटीचा घेऊ. मात्र डॉटीसारखीच पड, दोन्ही हात पसरून, आणि याचा कुणाकडे चकार शब्द काढू नकोस. व्हर्नाने शब्द दिला.

संध्याकाळी पावांची चळत हवेत उडाली आणि व्हर्ना पडली. उजवा हात ठरल्याप्रमाणे पसरला. डावा मात्र आपसूक खाली गेला आणि त्याने स्कर्टची कड घट्ट धरली. माणसं हसून हसून बेजार झाली. कंबरेतून कळ निघत होती, तरी कणकेत पडल्या पडल्या ती ते हसू कान भरून ऐकत राहिली. हाताची चूक कुणाच्या ध्यानातही आली नाही.

तो भाग लागायचा होता त्या सोमवारी ती मुद्दाम आईकडे गेली. शेजारच्या ओपल मावशीही नेहमीप्रमाणे येऊन बसल्या होत्या. घेवडा आणि मक्याचा पाव खाऊन तिघी टीव्हीसमोर बसल्या. व्हर्ना पडद्याकडे बघतच नव्हती, तिची नजर आईच्या तोंडावर होती.

चळत उडाली. ओपल मावशींना हसताना ठसका लागला. "या डॉटीला तोड नाही बाई," त्या डोळे पुसत म्हणाल्या.

आई हसली नाही. एप्रन मांडीवरच राहिला. डॉटी पडली की हसते, आणि नेमकी मी पडले तेव्हा नाही, हे तिला फार लागलं. ओपल मावशी घरी गेल्या तरी आई बंद टीव्हीकडे बघत बसून होती.

"जर्दाळूच्या झाडावरून पडायचीस, तेव्हाही आधी फ्रॉक धरायचीस," आई हळूच म्हणाली. "मीच बजावलं होतं ना, पडलीस तर पड, पण चारचौघांत फ्रॉक सावर."

दिग्दर्शकाला दिलेला शब्द व्हर्नाला आठवला.

आईने जवळ सरकून तिच्या कंबरेवर हात ठेवला.

"फार लागलं का गं?"

तिकडे घराघरांतून लोक अजून त्या पडण्याला हसत असतील. व्हर्ना आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "हो," ती म्हणाली, "लागलं."