करवंदाच्या जाळीतला राखणदार

मुलुंडच्या त्या सोसायटीत पार्किंगच्या कोपऱ्यात एक खडक होता. बिल्डरने तो फोडायचा कंटाळा केला होता, आणि त्याच्या फटीत विमलाकाकूंनी कोकणातल्या गावच्या कातळसड्यावरून आणलेलं करवंदाचं रोप खोचलं होतं. आता तिथे कमरेलाही न लागणारी, काटेरी, बारमाही हिरवी जाळी पसरली होती. दर चैत्रात काकू तिची कच्ची करवंदं काढून लोणचं घालायच्या. त्या लोणच्यावर त्यांचा इतका जीव, की नवऱ्यालाही ते मागून घ्यावं लागे.

यंदा हिवाळ्यात सेक्रेटरी हर्षदला तिथे एका गाडीची जागा दिसली.

"काकू, रविवारी माळी बोलावलाय. काटे लागतात ना पोरांना. साफ करून टाकू."

"कर हो," काकू गोड आवाजात म्हणाल्या. काकूंचा आवाज गोड झाला की नवरा घराबाहेर पडत असे, पण हर्षदला ते कुठून ठाऊक असणार.

शनिवारी सकाळी, सगळे दुधाला खाली उतरतात तेव्हा, काकूंनी खडकाला हळदकुंकू वाहिलं, नारळ ठेवला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, तुझी जाळी कोण तोडूक इलो, तर तेच्या नव्या गाडयेर राग काढू नको रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," दुधाची पिशवी हातात घेऊन उभा असलेला कणकवलीचा नंदू गावच्या गाऱ्हाण्यांच्या सवयीने म्हणाला.

सोसायटीत नवी गाडी हर्षदचीच होती. माळी आला नाही.

काकू मनातल्या मनात नाचल्या. पण पुढच्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या श्वेताने इंटरव्ह्यूला जाताना जाळीवर तांब्याभर पाणी घातलं आणि तिला नोकरी लागली. झालं. रोज कुणी पाणी, कुणी दूध ओतू लागलं. कातळावर कोरड्यात वाढणारं झुडूप ते. त्याची पानं पिवळी पडू लागली. माळ्यापासून वाचवलेली जाळी आता भक्तांच्या हातून मरणार, या विचाराने काकूंना रडू फुटलं. स्वतःचा इतका राग त्यांना कधी आला नव्हता.

पुन्हा नारळ, पुन्हा गाऱ्हाणं. "म्हाराजा, तुका पाणी चलना नाय, ह्या ह्यांका म्हायत नव्हता. माफ कर रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," नंदू म्हणाला.

पाणी त्या दिवसापासून बंद. हर्षदने स्वखर्चाने पाटीसुद्धा लावली. चैत्रात जाळी पुन्हा हिरवीगार झाली आणि करवंदांनी लगडली.

काकू पातेलं घेऊन खाली आल्या. जाळीभोवती दोरी बांधलेली होती.

"काकू, देवाचं फळ आहे, पातेल्यात कसं काढणार?" हर्षद म्हणाला. "प्रत्येक घराला एक, प्रसाद म्हणून. रांग तिकडून आहे."

काकू रांगेत उभ्या राहिल्या. त्यांची पाळी आली तेव्हा हर्षदने भक्तिभावाने त्यांच्या तळहातावर एक करवंद ठेवलं.

"आता तुमच्या तोंडून एक गाऱ्हाणं होऊ द्या ना."

काकूंनी करवंदाकडे पाहिलं, रिकाम्या पातेल्याकडे पाहिलं. मग करवंद पातेल्यात टाकलं. टण्णकन वाजलं.

मागून नंदू म्हणाला, "होय म्हाराजा."