मागच्या सीटवरची पिशवी

रोज सकाळी नऊपर्यंत मी मौन पाळते. सहा वर्षं झाली. घरच्यांनी ते आनंदाने मान्य केलंय, जरा जास्तच आनंदाने.

त्या दिवशी खिडकीतून खाली पाहिलं, तर गाडीच्या मागच्या सीटवर ह्यांची पिशवी रात्रभर तशीच राहिलेली. ह्यांचं चष्म्यांचं दुकान आहे. पिशवीत गिऱ्हाइकांचे दुरुस्त केलेले अकरा चष्मे होते. आणि एक अनोळखी माणूस काचेला नाक लावून आत बघत होता. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

हे बाथरूममध्ये. सासूबाईंना जिना झेपत नाही. ओरडले तर व्रत मोडणार, गप्प राहिले तर अकरा माणसं चाचपडत बसणार. त्याने स्क्रूड्रायव्हर दाराच्या फटीत घातला. मनातल्या मनात देवाची क्षमा मागून मी तोंड उघडणार, तेवढ्यात टेबलावरची गाडीची किल्ली दिसली. तिचं लाल बटण दाबलं.

गाडीने असा काही गळा काढला की तो माणूस मागे न बघता पळाला.

हे गालांवर फेस घेऊनच बाहेर आले. "अगं, कोण ओरडतंय?"

मी गाडीकडे बोट दाखवलं.

"तिचं मौन नसतं वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

खाली जाऊन ह्यांनी पिशवी वर आणली, चष्मे मोजले आणि माझ्यासमोर कान पकडले. मग सगळे चष्मे घरोघरी देऊन परतले, तेव्हा नऊ कधीच वाजून गेले होते. आता मला खुशाल रागावता आलं असतं. मी म्हटलं, "चहा ठेवू?"