पहिल्या ओळीतला श्री

तीन वाजता साहेब दवाखान्याच्या रुग्णनोंदीचा संगणकावरचा फॉर्म पाहायला येणार होते. तो चालला नाही तर कमलिनीची नोकरी जाणार होती. काल चाललेला फॉर्म आज मात्र सकाळपासून एकच रडगाणं गात होता: सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्यात कुठंतरी चूक. तिकडे आठ महिन्यांची नलू तापानं फणफणत सेक्टर सहामध्ये शेजारणीकडे होती. कमलिनीनं कालच्या छापील कागदावर प्रोग्रामच्या तीनशे ओळी दोनदा तपासल्या. चूक सापडेना.

"लेकरू सोडून मशीनशी कावून भांडून राहिल्या, बाई?" हेडक्लार्क मारोतराव हसले.

दात आवळून तिनं पडद्यावर फाइल उघडली. पहिल्याच ओळीत रोमन अक्षरांत श्री!

"हे कोणी टाकलं?"

"मीच. नव्या वहीवर आधी श्री लिहितो नं आपण? तुमी विसरल्या होत्या."

"ही वही नाही, मारोतराव! इथं लिहिलेला शब्द मशीन हुकूम समजते. माझी पोर तिकडे तापात पडली आहे!" तिचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला.

तरी श्री खोडायला हात धजेना. तिनं ओळीच्या सुरुवातीला एक चांदणी टाकली, म्हणजे मशीन ती ओळ सोडून देईल. फॉर्म उघडला. तीनच्या ठोक्याला साहेब आले.

"पाहा साहेब, श्रीमुळंच चाललं," मारोतराव दारातूनच सांगू लागले.

कमलिनीनं साहेबांची सही घेतली, पुन्हा कोणी काही लिहू नये म्हणून मशीनचं कुलूप फिरवलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून तडक घर गाठलं.