लोहराजाचा मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा मुखवटा आहे. अंतराळावरच्या एका टीव्ही मालिकेसाठी मला घडवलं. मालिकेतल्या दुष्ट लोहराजाचा मी चेहरा. मला घालायचा एक धिप्पाड नट. सगळे त्याला पैलवान म्हणत. यानाचा कप्तान झालेला देखणा नट त्याचाच सख्खा धाकटा भाऊ.

लहानपणी पैलवान त्याला पट्ट्याने झोडपून काढायचा. आता मारायची पाळी धाकट्याची होती. मारामारीचा प्रसंग आला की त्याचे ठोसे खरे पडत. पैलवान चूपचाप मार खाई आणि प्रेक्षक टाळ्या वाजवत.

एके दिवशी धाकट्याने रबरी गजाऐवजी लोखंडी उचलला. एका घावात माझा गाल आत गेला. पैलवानाच्या भुवईतून रक्ताची धार लागली, माझ्या हनुवटीत साचली. तो उसळला. त्याने भावाचा गळा धरून त्याला यानाच्या भिंतीवर आपटलं.

"जीव घेईन तुझा!"

"घे ना, दादा! अर्धा तर लहानपणीच घेतलास."

पैलवानाची बोटं आपोआप सैल झाली.

मालिकेच्या लेखिकाबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी उपदेश केला नाही. पुढच्या भागात त्यांनी कप्तान आणि लोहराजाला एकाच साखळीने जखडून शत्रूच्या तुरुंगात टाकलं. पाठीला पाठ लावून दोघांनी पहारेकऱ्यांना लोळवलं. मग भागामागून भाग हे वैरी एकमेकांसाठी लढू लागले. कॅमेरा बंद झाला की मात्र अबोला. फार तर पुढच्या लढाईआधी पैलवान पुटपुटे, "डावीकडे सांभाळ."

शेवटच्या भागात वेड लागलेल्या लोहराजाला कप्तानाने मारायचं होतं. गज उगारला गेला. तेवढ्यात पैलवानाने मला काढून बाजूला ठेवलं. हे कथेत नव्हतं.

"आता मार," तो म्हणाला. "मी हात उचलणार नाही."

धाकट्याने गज फिरवला तो यानाच्या काचांवर. सगळ्या काचांचा चुराडा झाल्यावर तो मटकन खाली बसला.

"खूप दुखायचं रे, दादा."

 पैलवानाने हातमोजा काढला आणि भावाचे डोळे पुसले. लगेच सगळं गोड झालं असं नाही, पण त्या संध्याकाळी दोघे एकाच गाडीतून घरी गेले.

आज मी एका पेटीत गंजत पडलो आहे. मला तेल लावलंत तर बरं वाटेल. पण मित्रांनो, मला घालून लढाई खेळलात, तर मध्येच थांबून समोरच्याला विचारा, "लागलं का रे?" आणि तो "नाही" म्हणाला, तरी एकदा मला वर करून त्याच्याकडे बघा.