झाकणाच्या आतले नाव

मित्रांनो, मला एकच काम येते: उत्तर दिशा दाखवणे. मी एक जुने होकायंत्र आहे. पितळी डबीचे, तळहातात मावणारे. त्या कामापलीकडचे प्रश्न मला इतक्यांनी विचारले, की आता थकवा आला आहे.

कारखान्यात माझी पोलादी सुई चुंबकाने घासून टोकदार खुंटीवर बसवली गेली. महायुद्ध सुरू होते, म्हणून मला फौजेत धाडले. तेथे मी शिराळ्याजवळच्या लालासाहेबाच्या गळ्यात पडले. दोन माणसांच्या बॉम्बफेकी विमानात मागे बसून तो मशीनगन चालवी. त्याने माझ्या झाकणाच्या आत खिळ्याने आपले नाव आणि गाव कोरले. "ही डबी लय इमानी हाय गड्या, कुनाची भीड धरत न्हाई," असे तो वैमानिकाला सांगे. मराठी न कळणारा वैमानिक मान डोलावी. माझ्या वाट्याला आलेली स्तुती एवढीच.

१९४४ साली ब्रह्मदेशाच्या जंगलावर आमचे विमान पाडले गेले. वैमानिक जागीच गेला. लालासाहेब जखमी पायाने बाहेर पडला आणि माझ्याकडे पाहत ओढ्याच्या कडेने चालला. पुढे एका बांबूला त्याने मला अडकवले, झाकण उघडेच ठेवले आणि तो पाण्याकडे उतरला. परत आला नाही. यापुढचे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसलेले सांगणे माझ्या घडणीत नाही.

काही दिवसांनी पायदळातल्या मानसिंगाला मी सापडले. तो लोणंदचा. युद्ध संपल्यावर, झाकणातले गाव शोधत, तो लालासाहेबाच्या आईच्या, बनुबाईच्या दारी आला. सरकारने तोवर तिला एकच शब्द कळवला होता: बेपत्ता.

"आवं मावशी, जेवडं बघितलं तेवडंच सांगतो," मानसिंग म्हणाला. "म्होरचा गडी जळाला हुता. त्याला आमी पुरलं. मागची जागा रिकामी. ही डबी लांब, वड्याकाठी टांगल्याली. लय हाका मारल्या."

"म्हंजी चालत हुता."

"तितवर चालत हुता."

"मग हाय की!"

मानसिंगाने चहाच्या पेल्यात पाहिले. तो व्हय म्हणाला नाही, न्हाईही म्हणाला नाही. मला तो माणूस आवडला.

पण बनुबाईला व्हय हवे होते. तिने गावातल्या आकाराम देवऋष्याला बोलावले. त्याने मला पाटावरच्या तांदळांवर ठेवले आणि माझ्या पूर्वेला बैठक मारली. त्याला सतत सुपारी कातरायची सवय होती. लोखंडी अडकित्ता हातात तसाच धरून तो माझ्यावर वाकला. माझी सुई उत्तर दिशा सोडून त्याच्याकडे वळली.

"पूर्वेला हाय. जित्ता हाय," आकाराम म्हणाला.

त्याने फसवले नाही. लोखंडाने सुई ढळते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. परंतु चूक प्रामाणिक असली तरी चूकच असते, आणि ती घरभर पसरली. लालासाहेबाच्या बायकोचा, अंजनाचा, भाऊ वडूजहून आला. तिला मास्तरणीच्या ट्रेनिंगला घालायचे त्याच्या मनात होते. ती म्हणाली, "धनी येत्याल. मी कशी येऊ?" तो एकटाच परतला. बनुबाई रोज एक भाकरी जास्त थापू लागली.

एका दुपारी अंजना माझ्याशेजारी विळीवर भाजी चिरत होती. सुई हलली. तिने विळी दूर सारली. सुई जागेवर आली. तिने विळी दुसऱ्या बाजूला ठेवली. सुई तिकडे गेली. शास्त्राची रीत याहून वेगळी नसते.

"इळी सरकवून बघतीस व्हय?" दारातून बनुबाई म्हणाली. "म्या उलथनं धरून बघितलंया. सुगीच्या आदीच."

"मग बोलला न्हाईसा?"

"तुजं तोंड बघून गप ऱ्हायले."

बनुबाई आत येऊन तिच्याशेजारी टेकली.

"भावाला सांगावा धाड. म्हनावं, न्यायला ये."

"धनी ग्येलं, म्हनता?"

"ग्येला म्हनाय तरी माज्याजवळ काय हाय? पर वाट बघाया मी एकली बास हाय."

अंजनाने विळी उचलून भिंतीला लावली. "आन् आकारामतात्या आलं तर?"

"सुपारी दे त्याला. कातरून दे."

आज १९४९ साल आहे. मी वडूजच्या शाळेत, अंजनाबाईंच्या कपाटात असते. सुट्टीत त्या मला घेऊन सासूकडे जातात. तेथे अजून एक भाकरी जास्त असते. पण आता तिच्याविषयी मला कोणी काही विचारत नाही.

मित्रांनो, माझी काच तडकली आहे, खुंटी झिजली आहे. मला आपटू नका. काही विचारायचे असेल, तर हातातले लोखंड आधी दूर ठेवा. आपल्या हाती ते आहे, हेच पुष्कळदा लक्षात येत नाही. आणि शनिवारी वर्गाच्या सफाईत चिंच लावून मला लखलखीत करण्याची तुम्हांला फार हौस आहे, हे मी जाणते. बाहेरून हवे तितके घासा. झाकणाच्या आत मात्र चिंच लावू नका. खिळ्याने ओढलेल्या रेघा उथळ असतात.