मागच्या कप्प्याचं दार

"ओ! डिकी उघडी आहे तुमची! डिकी!"

शेजारून पुढे जाणारा ट्रकवाला खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला आणि हाताने मागे दाखवत निघून गेला. नवऱ्याने गाडी कडेला घेतली. चाकं पुरती थांबायच्या आत ती खाली उतरून मागे धावली.

वळणावर एक स्कूटर उभी होती. स्कूटरवर एक बाई, बाईच्या पुढ्यात उभं एक लहान मूल, आणि पुढच्या चाकापासून वीतभर अंतरावर, रस्त्याच्या मधोमध, नवऱ्याचं पाच किलोचं लोखंडी वजन. बाई काही बोलली नाही. तिने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, वजनाकडे बघितलं, मग हिच्याकडे. त्यापेक्षा तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

वजन दोन्ही हातांनी छातीशी धरून ती परत आली. महिन्याभरातली ही तिसरी वेळ. पहिल्यांदा पाण्याचा पाइप रस्त्यावर लोळत आला होता. दुसऱ्यांदा बादली आणि पोरीचे, भिंगरीचे, लाल बूट, त्यातला एक सापडलाच नाही. आणि आज हे. दर वेळी कप्पा तोच, मागून पहिला.

"टवका उडालाय," नवरा वजन फिरवून फिरवून बघत म्हणाला. "आता हे पुन्हा तपासून घेतल्याशिवाय कुणी खरं मानणार नाही."

"तुला वजनाचं पडलंय?"

"तसं नाही गं."

"ते पोर भिंगरीएवढं होतं."

मागच्या बाकावर सासरे भिंगरीशेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, "कुणाला लागलं नाही ना?" ती "नाही" म्हणाली आणि त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

नवऱ्याचं काम वजनकाटे तपासण्याचं. गिरण्या, गोदामं, बाजार, आज या गावात तर परवा त्या. महिन्यातले वीस दिवस तो बाहेर आणि ती घरात तापाने फणफणलेली पोर घेऊन एकटी, याला कंटाळून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी बिऱ्हाडच चाकांवर चढवलं. पुढे दोन खुर्च्या, मध्ये ओटा, मागे झोपायची जागा आणि पोटाखाली बाहेरून उघडणारे सहा कप्पे. सासऱ्यांना एकटं कुठे ठेवायचं, म्हणून तेही आले. येताना एवढंच म्हणाले होते, "घराला चाकं नसावीत. पण तुमचं तुम्ही बघा."

ते वाक्य तिने तेव्हा सोडून दिलं होतं. आता ते घशात अडकलेल्या काट्यासारखं टोचायला लागलं.

तिचा स्वभावच तसा होता. दूध उतू जायच्या आधी तिला वास यायचा. भिंगरी खोकली की खोकला कोरडा का ओला हे ती झोपेतून सांगायची. कॉलेजात मैत्रिणी तिला फौजदारीण म्हणायच्या. गाडी निघायच्या आधी सहाही कप्पे ती स्वतः लावायची, प्रत्येक दार ओढून बघायची आणि मगच आत येऊन पोरीचा पट्टा आवळायची. मग दार उघडतं कसं?

पहिला संशय गेला नवऱ्यावर. फोन आला की हा नेमका त्या कप्प्याजवळ जाऊन का बोलतो? दोन दिवस पाळत ठेवल्यावर कळलं, तिथे सावली असते. मग वाटलं, मुक्कामाच्या आवारात रात्री कुणी हात मारत असेल. तिने दाराच्या फटीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. सकाळी तो जसाच्या तसा.

बूट पडले तेव्हाच नवऱ्याने दाराचं रबर बदललं होतं. नवं, जाड, दार लावलं की घट्ट चिकटून बसणारं. तरी पुढच्याच प्रवासात दार उघडलं आणि वजन पडलं. मग गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रीने खटका दहा वेळा लावला, दहा वेळा सोडला आणि हात पुसत म्हणाला, "ताई, खटका ठणठणीत आहे. नवा कोरा. हा आपणहून उघडत नसतो."

"म्हणजे?"

"म्हणजे कुणीतरी उघडतंय."

ती गॅरेजच्या दारातून बाहेर बघत राहिली. रस्त्यापलीकडे सासरे नातीला बोटाशी धरून उभे होते.

सासरे एकतीस वर्षं बसचे कंडक्टर होते. बसची घंटा अर्धा वेळ बिघडलेली असायची, म्हणून ते मागच्या दाराशी उभे राहून पत्र्यावर हाताने थाप द्यायचे. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. डेपोत म्हणे ड्रायव्हर थापेवरून ओळखायचे, आज गाडीवर कोण आहे ते. घरगाडीतही ते रोज तसंच करत. सगळे आत बसले की ते एकटे खाली थांबायचे, गाडीभोवती एक फेरी मारायचे, मागच्या कोपऱ्याशी येऊन दोन थापा द्यायचे आणि मग चढायचे. भिंगरी आतून ओरडायची, "चलाऽऽ!" आणि नवरा गाडी सोडायचा. हे इतकं रोजचं झालं होतं की तिला ते ऐकूही येईनासं झालं होतं.

आता मात्र ती आरशातून बघायला लागली. त्यांची फेरी. प्रत्येक दारापाशी त्यांचं रेंगाळणं. दारावर हात ठेवणं. ती दारं लावते, तिच्यानंतर त्यांना हात लावणारा माणूस जगात एकच. विसरत असतील? उघडून बघायचं आणि लावायचं राहायचं, असं? की मुद्दाम? घराला चाकं नसावीत. दोन्हींपैकी काय असलं तर बरं, तेही तिला ठरवता येईना.

शेवटी एका दुपारी, नवरा गिरणीत काट्याशी झटत असताना, तिने विचारलंच.

"बाबा, तुम्ही मागचा कप्पा उघडता का?"

ते भिंगरीला बोरासारखी टपोरी अक्षरं गिरवून दाखवत होते. पेन्सिल थांबली.

"मी? मी बंद आहे का ते बघतो, पोरी."

"बघताना उघडता?"

"नाही… नसेन." मग पेन्सिल खाली ठेवत, "तू लावतेस तेव्हा लागलेलं असतं?"

"ओढून बघते मी. रोज."

"आणि मधे माझ्याशिवाय कुणी नसतं."

तिचं न बोलणं त्यांनी बरोबर वाचलं. ते स्वतःच्या उजव्या तळव्याकडे बघत म्हणाले, "असेल मग. उघडत असेन. वय झालं की हात काय करतो ते डोक्याला कळत नाही म्हणतात."

त्या रात्री तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "मी त्यांना वाईट म्हणत नाही. पण पुढच्या वेळी ते वजन वीतभर पुढे पडलं तर?" नवऱ्याने दिवा मालवला. उत्तर तिच्याकडेही नव्हतं, पण प्रश्न विचारणाऱ्याचं पारडं नेहमीच जड असतं.

चौथ्या दिवशी सासऱ्यांना नणंदेकडे सोडलं. ते पायरीवर बसून राहिले, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, जसे काही ते हात सुटून कुठे पळणार होते. भिंगरीने आकांत मांडला. गाडी काढताना नवरा सवयीने थांबला, दोन क्षण वाट बघितली आणि मग गिअर टाकला.

दार उघडणं बंद झालं.

अकरा दिवस. खड्डे, घाट, कच्चे रस्ते. रोज संध्याकाळी ती मागे जाऊन बघायची. दार घट्ट. तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. खरं ठरल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. तिला मात्र नवऱ्याची नजर चुकवावी लागत होती.

बाराव्या दिवशी सकाळी गाडी एका गोदामाच्या आवारात उभी होती. तिने सहाही दारं लावली, ओढून बघितली. भिंगरी तिच्या मागे मागे फेरी मारत होती, हात पाठीमागे बांधून, आजोबांसारखी पोक काढून.

"चल, आत बस."

"थांब ना. आबांचं राहिलंय."

असं म्हणून पोर मागच्या कोपऱ्याशी गेली, टाचा उंचावल्या, आणि शेवटच्या कप्प्याच्या दारावर, बरोबर मध्यावर, इवल्याशा हाताने दोन थापा दिल्या. "चलाऽऽ!"

थापांच्या आवाजाखाली आणखी एक आवाज झाला. टक्. पेनाचं टोपण निघावं एवढाच.

दार जागचं हललं नाही. दुसऱ्या कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, बंद आहे. पण तिला आता स्वतःच्या पोरीचाही भरवसा नव्हता. तिने वाकून फटीत नख घातलं आणि दार अलगद हातात आलं.

खटका दाराच्या मध्यावर होता, पत्र्याशी सपाट. त्याचं बटण दाबलं की तो सुटायचा. त्यासाठीच तो घेतला होता, एका बोटाने उघडतो म्हणून. तळवा त्याच्यावर पडला की तो सुटणार, आणि रबर, जुनं काय नि नवं काय, दाराला जागच्या जागी धरून ठेवणार, पहिला खड्डा येईपर्यंत. तिने दार लावलं. ओढून बघितलं. बंद. थाप दिली. टक्. नख घातलं. उघडं. पुन्हा. पुन्हा. पाचव्यांदा थाप दिली तेव्हा नवरा आरशात बघून ओरडला, "काय चाललंय? पत्रा वाजवून काय बघतेस?"

तो खाली आला. तिने त्याला करून दाखवलं.

"म्हणजे बाबा चल म्हणून सांगायचे…"

"आणि दार सुटायचं."

"पण आधी सात महिने तर काही झालं नाही."

"तेव्हा जुन्या कड्या होत्या," ती म्हणाली. "खडखडतात म्हणून मी काढायला लावल्या. हे खटके मी निवडले. चार दुकानं हिंडून."

डोळ्यांनी एवढी पाळत ठेवली, पण रोज कानाशी वाजणाऱ्या त्या दोन थापा काही तिने ऐकल्या नाहीत.

"आज तीन काटे आहेत इथे," नवरा म्हणाला.

"उद्या बघ काटे."

त्याने गाडी वळवली.

नणंदेने दार उघडलं तेच फणकाऱ्याने. "या. काय करून ठेवलंय गं तुम्ही त्यांचं? गॅस बंद केला की मला हाक, ये बघून जा. नळ बंद केला की हाक. रात्री कडी लावतात, तीनदा ओढतात आणि मग मला उठवून ओढायला लावतात. माझा बाप असा नव्हता."

"ताई, चूक माझी आहे."

नणंदेने वाद घालायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

सासरे आतल्या खोलीत खुर्चीवर होते. हात मांड्यांखाली. भिंगरी जाऊन त्यांच्या गुडघ्यांना चिकटली तेव्हा कुठे एक हात बाहेर आला.

"बाबा, जरा गाडीपाशी येता?"

ते आले. तिने त्यांच्यासमोर दार लावलं, ओढून दाखवलं. "थाप द्या."

"नको गं. तू बघितलंस ना सगळं? झालं तर."

"द्या ना. एकदा."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, त्याने मान हलवली. सासऱ्यांचा हात उठला, दारावर पडला. थप थप. टक्. तिने नख घालून दार उघडलं.

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "बघ. म्हणजे मीच."

"तुम्ही नाही, हा खटका. हे बघा." तिने दार लावून स्वतः थाप दिली, उघडून दाखवलं. नवऱ्याला द्यायला लावली, उघडून दाखवलं. "कुणाच्याही हाताने होतं. तुम्ही काही विसरत नव्हतात, बाबा. खटका चुकीचा आहे. मी आणलेला आहे."

सासरे वाकले. अंगठ्याने बटण दाबून बघितलं, तिकीट पंच करावं तसं. एकदा, दोनदा. मग कंबर धरून सरळ झाले.

"काय हे खटके! गाडीच्या अंगावर हात ठेवायची सोय नाही. नवरीपेक्षा लाजरी."

भिंगरीला काही कळलं नाही, पण नणंद हसली म्हणून तीही हसली. सुनेला मात्र हसू आलं नाही. त्यांनी तिच्याकडे बघितलं. त्यांनी रागवावं, एखादा टोमणा मारावा, असं तिला फार वाटत होतं. ते म्हणाले,

"मग आता थाप कुठे देऊ?"

तिने गाडीच्या मागच्या भिंतीवर, शिडीच्या बाजूला, कोरी जागा दाखवली. तिच्यामागे ना कप्पा ना खटका. त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून बघितलं, कान लावला. "आवाज बरा आहे," म्हणाले आणि पिशवी आणायला आत गेले. जाताना नणंदेच्या स्वयंपाकघरात थांबून त्यांनी नळ आवळला, मग पुन्हा आवळला. दुसऱ्यांदा आवळून झाल्यावर ते दारातून म्हणाले, "पोरी, जरा बघतेस का?"

ती गेली. नळ बंद होता. "बंद आहे, बाबा," ती म्हणाली. ती शंका एका दिवसात जाणार नव्हती हे तिला कळत होतं.

निघताना सगळे आत बसले. तिने भिंगरीचा पट्टा आवळला. सासरे खाली एकटे. फेरी झाली. पावलं मागे जाऊन थांबली.

एक थाप आली.

नवऱ्याचा पाय ब्रेकवर तसाच राहिला. आरशात त्यांचा खांदा तेवढा दिसत होता, आणि वर उचललेला हात. हात हवेतच होता. ते त्याच्याकडे बघत असावेत.

"बघून येतेस?" नवऱ्याने हळूच विचारलं.

तिचा हात दाराच्या मुठीवर गेला होता. तिने तो काढून मांडीखाली दाबला.

"नको," ती म्हणाली. "येईल दुसरी."