मानेखालचा हात

पंच्याऐंशी सालच्या जानेवारीतल्या त्या शनिवारी हेमा जमिनीपासून चार बोटं वरून चालत होती. कारणंही तशीच होती. वक्तृत्वात तिचा पहिला नंबर आला होता, तोही दहावीच्या बाप्यांना मागे टाकून. शिवाय मार्गशीर्षातल्या एका लग्नाचा अख्खा आल्बम आप्पांनी तिला एकटीला छापू दिला होता. नववीतल्या मुलीला याहून जास्त काय हवं?

आप्पा म्हणजे तिचे वडील. रत्नागिरीतल्या राम आळीच्या टोकाला त्यांचा फोटो स्टुडिओ. पुढे बाक, मध्ये फोटो काढायची खोली, मागे अंधारखोली आणि वर घर. त्या दिवशी ते पूर्णगडला शाळेचा ग्रुप फोटो काढायला गेले होते. जाताना बजावून गेले, "कोणी आलं तर सोमवारी या म्हणावं. मोठ्या कॅमेऱ्याला हात लावायचा नाही."

"हो आप्पा," हेमा म्हणाली. ती ते ज्या सुरात म्हणाली, तो ऐकून आप्पांनी खरं म्हणजे पूर्णगडची गाडी सोडायला हवी होती.

सकाळची शाळा सुटल्यावर बारा वाजता तिने स्टुडिओची अर्धी फळी उघडली, तर बाहेर एक बाई उभी. विशीतली असेल. पायांना लाल धूळ, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, कडेवर अकरा महिन्यांचं पोर. त्याची मान तिच्या खांद्यावर अशी पडली होती, की हेमाला पहिल्यांदा वाटलं, झोपलंय. मग दिसलं की डोळे टक्क उघडे आहेत.

"फोटोवाले कुठं हायत?"

"समोर उभे आहेत."

"तू? तू तं शाळेची पोर!"

"शाळेच्या पोरीच चांगला काढतात. मोठ्यांचे हात हलतात."

बाई हसली. हसताना ती फार लहान दिसली. तिचं नाव गंगा. गाव आत डोंगरात, पहाटे निघून दोन तास चालत रस्त्याला लागलेली. नवरा रघू मुंबईत गोदीत. पोराच्या बारशाला आला नाही, गणपतीला आला नाही. भावकीतल्या कुणी त्याच्या कानात घातलं होतं, की तुझ्या पोराच्या मानेत जोर नाही, ते काही उभं राहायचं नाही, दुसरी बायको कर. परवा त्याचं पत्र आलं. त्यात एकच ओळ कामाची होती. पोरगा बसत असेल तर फोटो धाड, शिमग्याला येतो.

"आन् नाय बसला तर?" हेमाने विचारलं. तीही नकळत तसंच बोलली.

"तर मंग काय. नाय येनार." गंगाने पोराची मान दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आमचा धाकू भावजी पाचाच्या गाडीला मुंबैला जातोय. स्टँडवर बसलाय. त्याच्या हातात फोटो पडला पायजे. बाय, बसलेला काढशील ना माज्या विठूला?"

हेमाला सोमवारी या म्हणायचं आठवत होतं. पण आजचा दिवस सोमवारी या म्हणायचा नव्हता.

"वैनी, असा काढते, की बघून तुमचे मालक चौथ्या दिवशी दारात!"

बसता न येणाऱ्या बाळाचा फोटो काढायची आप्पांची एक रीत होती. आईला खुर्चीत बसवायचं, डोक्यापासून पायांपर्यंत काळं कापड पांघरायचं आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवायचं. आईने कापडाच्या आतून, बाळाच्या झबल्याखाली हात घालून त्याला कमरेशी धरायचं. मागचा पडदाही काळाच. छापल्यावर वाटे, बाळ आपलं आपण अंधारात राजासारखं बसलंय. स्टुडिओत तिला 'पडद्याची आई' म्हणत. गावातल्या कितीतरी पोरांच्या पहिल्या फोटोत त्यांची आई होती आणि दिसत नव्हती. हेमाच्या पहिल्या फोटोतही होती.

पण ही रीत कमरेसाठी. मानेसाठी आप्पांकडेही रीत नव्हती.

दोन मोठे दिवे लागले. तीन पायांच्या घोडीवर लाकडी कॅमेरा. विठूची मान डावीकडे पडे. हेमा जाऊन सरळ करी, कॅमेऱ्यापाशी परत येईपर्यंत ती उजवीकडे. असं सात-आठ वेळा झालं.

"बाय, झाला काय गो?" कापडाच्या आतून आवाज आला. "हितं मी भातासारखी शिजतेय."

"हलू नका! बोलूही नका, कापड बोलतंय असं वाटतंय."

खरंच वाटत होतं. काळं, बिनडोक्याचं काहीतरी, आणि त्याच्या मांडीवर ते पोर. तिने उजव्या हातात भिंगाची टोपी धरली. तिची सगळी इच्छा त्या बारीकशा मानेशी गोळा झाली. धर रे, धर, एवढंसं धर. आणि तिचा डावा हात आपोआप हवेत उठला, बोटं वाकली, जणू पाच हातांवरून ती ती मान उचलून धरत होती.

मान सरळ झाली.

हेमाने टोपी काढली. "एक... दोन..." टोपी लावली. विठू कॅमेऱ्याकडे बघत होता, अगदी समजून उमजून.

"झाला! वैनी, झाला!"

गंगा कापडातून घामाघूम बाहेर आली आणि तशीच थबकली. विठूची मान अजून सरळ होती. तो इकडे बघे, तिकडे बघे. गंगाला हसावं की रडावं कळेना. "बग बग, कसा बगतोय! अरे माज्या राजा!" ती त्याला घेऊन बाहेर बाकावर बसली, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी निमित्त काढून थांबवू लागली.

हेमा अंधारखोलीत शिरली तेव्हा गाणं म्हणत होती. फिल्म धुतली, स्पिरिटमधून काढून पंख्याखाली वाळवली. फिल्मवर काळं-पांढरं उलटं असतं, काळ्या पडद्याची जागा कोरी दिसायला हवी. उजेडात धरली, तर तिथे, विठूच्या मानेमागे एक काळसर डाग. भिंगाला बोट लागलं असेल, ती म्हणाली. लाल दिव्याखाली कागद औषधाच्या ताटात सोडला आणि ताट हलवू लागली.

आधी झबलं उमटलं. मग डोळे. मग मानेमागे, काळ्या पडद्यावर, हळूहळू एक हात उमटला.

चार बोटं कानामागून वर आलेली, अंगठा गालाशी. मनगटापाशी हात संपत होता. म्हणजे संपत नव्हता, अंधारात शिरत होता.

गंगाचे दोन्ही हात झबल्याखाली होते. तिथे झबल्यावर त्यांचे उंचवटे स्पष्ट दिसत होते. शिवाय या हातात बांगडी नव्हती. नखं बघायला हेमा वाकली. औषधाने पडतात तशी ती काळपट होती. अंगठ्यावर पांढरी चिकटपट्टी. सकाळी नारळ खवताना विळीवर कापला होता, तिथे आईने लावून दिलेली.

हेमाने लाल उजेडात स्वतःचा डावा हात समोर धरला. कितीतरी वेळ ती कागदातल्या हाताकडे आणि या हाताकडे आळीपाळीने बघत राहिली. ताटातलं औषध हलायचं थांबलं होतं. बाहेर गंगा कुणाला तरी सांगत होती, "आता आपला आपन धरतोय मान, बगा की!"

दुसरी कोणी असती तर ओरडत जिन्यावरून आईकडे पळाली असती. हेमाच्याही पायांनी तशी तयारी केली होती. पण साडेतीन वाजले होते, गाडी पाचची होती, आणि फोटोत हात दिसला तर रघू म्हणणार, धरून बसवलाय. पोरगी हट्टाला पेटली. फिल्मवरचा नको तो भाग ब्लेडने खरवडला की छापताना तिथे काळं येतं, हे काम तिला आप्पांपेक्षा छान जमायचं. बघू या, कोणाचा आहे तो!

तिने फिल्म काचेवर ठेवली, खालून दिवा लावला आणि करंगळीपासून सुरुवात केली.

करंगळी खरवडून झाली तेव्हा तिची स्वतःची करंगळी गार पडली. थंडी असेल. रत्नागिरीत कसली आली थंडी, हेही तिला माहीत होतं. दुसरं बोट गेलं, तेही गार. तिसऱ्या बोटाला, फिल्म धरलेल्या डाव्या हाताला काही कळेनासं झालं. तरी तिने थांबायचं नाव घेतलं नाही. अंगठा शेवटी. चिकटपट्टीचा, फिल्मवर काळा दिसणारा ठिपका ब्लेडखाली भुगा होऊन उडाला. तिचा डावा हात टेबलावरून घसरला आणि शेजारी लोंबत राहिला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

एका हाताने तिने दुसरा कागद ताटात सोडला. झबलं आलं, डोळे आले. मानेमागे स्वच्छ काळं. आणि मान खांद्यावर पडलेली.

काढला तेव्हा सरळ होती. फिल्मवरही आत्तापर्यंत सरळ होती. हेमाने तर मानेला ब्लेड लावलंच नव्हतं.

त्याच क्षणी बाहेरून किंकाळी आली. "बाय! बाय गो! ह्येला काय झाला बग!"

ती धावली. विठू आईच्या मांडीवर मागे लवंडला होता. डोकं गुडघ्याच्या पलीकडे लोंबत होतं, डोळे टक्क उघडे. गंगा त्याचं डोकं उचलत होती, ते परत पडत होतं. "आत्ता बगत व्हता. कावळ्याला हसला. आन् एकदम, कुनी हात काडून घेतल्यावानी..."

काढूनच घेतला होता. वक्तृत्वातलं एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं.

"वैनी, मी..." ती म्हणाली, आणि पुढचं सांगायच्या ऐवजी तिने उजव्या हाताने तो मेलेला डावा हात उचलला, पुढे धरला, विठूपासून चांगला दोन हात लांब, आणि बोटं एकेक करून वाकवली. मघाशी हात आपोआप उठला होता. आता तिने तो उचलला होता, माहीत असून.

आधी काहीच नाही. मग तळव्यात ऊब. मग वजन. मऊ, गरम, जावळाने गुदगुल्या करणारं, आणि वाटलं त्याहून कितीतरी जड.

विठूने मान उचलली.

गंगाने पोराकडे बघितलं, मग हवेतल्या त्या हाताकडे. देवळात आल्यासारखा तिने पदर सावरला.

"दाव मला फोटो," ती म्हणाली.

हेमाने दोन्ही कागद पक्कं करणाऱ्या औषधातून काढून ओलेच बाकावर आणून ठेवले. एकात हात होता आणि मान सरळ. एकात हात नव्हता आणि मान पडलेली. फिल्म खरवडून गेली होती. नवा फोटो काढून, धुऊन, वाळवायला वेळ नव्हता. सव्वाचार झाले होते.

"ह्यो हात तुजा?"

"हो."

"मंग ह्योच नेतेय."

"पण वैनी, ते म्हणतील, कोणीतरी धरलंय. पोरगा आपला आपण बसत नाही."

"म्हनू दे." गंगाने कागद पदराने टिपला, जपून, कडेकडेने. "कुनीतरी धरलाय येवढा तरी दिसंल त्याला. लाज वाटली तर यील." मग तिने हेमाकडे रोखून बघितलं. "तू किती दिस धरशील, बाय?"

शिमग्याला महिन्याभरावर दिवस होते. हेमाला ते बोटांवर मोजायचे होते, पण एकच हात मोकळा होता.

"ते येईपर्यंत," ती म्हणाली.

गंगा स्टँडकडे गेली. पाचाच्या सुमाराला गाडीचा भोंगा ऐकू आला. गाडी दूर गेली तरी तळव्यातलं वजन गेलं नाही.

आप्पा आले, त्यांनी खरवडलेली फिल्म बघितली, आणि रागवायच्या आधी त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. "हात असा का धरलायस गो?"

"अवघडलाय."

आईने शेकलं, तेल चोळलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. हात उताणाच. झोपेतही. वेण्या घालता येईनात म्हणून आईने एकच शेपटा घालायला सुरुवात केली. कवायतीला सगळ्या मुलींचे हात खाली, हेमाचा वाटी धरल्यासारखा पुढे. "काय गो, प्रसाद मागतेस?" शेजारची दमयंती चिडवायची. हेमाही हसायची. पण मधल्या सुट्टीत कोणी तिच्या तळव्यात चिंच ठेवायला गेलं, की ती अशी किंचाळे की मुली दोन पावलं मागे सरत. कधी विठू रडे, ते तिला मनगटापर्यंत कळे. एकदा त्याला ताप होता. दोन दिवस तिचा तळवा भाजत होता, आणि तिने कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तरी काय?

हात भरून येई. खूप भरून येई. एका दुपारी भूगोलाच्या तासाला तिला वाटलं, ठेवावा खाली. फक्त पाच मिनिटं. कोण बघतंय? तिने बोटं थोडी सैल केली. ते डोकं एवढंसं खाली घसरलं, आणि तिने घाम फुटून पुन्हा घट्ट धरलं.

शिमग्याच्या पहिल्याच आठवड्यात, गणिताच्या तासाला, तळव्यातली मान एकाएकी वळली. कोणाकडे तरी बघायला वळावी तशी. हेमाने पेन खाली ठेवलं. बाई फळ्यावर लिहीत होत्या, खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. आणि तिच्या हाताच्या पाठीला, खालून, काहीतरी लागलं.

दुसरा हात होता. मोठा, खरखरीत, बोटांना गोदीतले दोर ओढून पडलेले घट्टे. तो तिच्या हाताखाली सरकला आणि थांबला. हिसकावत नव्हता. कसं धरायचं ते त्याला माहीत नसावं, चाचपडत होता.

"हेमा, उत्तर काय आलं?" बाईंनी विचारलं.

हेमा उभी राहिली. सगळ्या वर्गासमोर, रिकाम्या हवेत, ती आपली बोटं एक एक करून हळूच सरकवत होती. मानेमागे इथे धरायचं, अंगठा गालाशी, असं त्या हाताला दाखवत होती.